लेकराला ताण देऊ नका : कमी पाण्यातली फुलझाडं, बियांपासून

मागच्या अंकात शेवटी थोडी जागा उरली म्हणून मी "कमी पाण्यात येणारी फुलझाडं यंदा बियांपासून करून बघा" एवढं एकच वाक्य टाकलं होतं, आणि त्या एका वाक्यावर एवढे प्रश्न आलेत की गुलाब आणि मनीप्लांटवाले सगळे प्रश्न या वेळेस बाजूला ठेवलेत. ज्यांचे राहिले त्यांनी रागावू नका, पुढच्या अंकात घेतो. प्रश्न जसे आले तसेच दिलेत, फक्त लांबलेले थोडे कापलेत.

प्रश्न : मी जुळे सोलापूरला राहते, तिसरा मजला, वरची गच्ची आमचीच. पाणी चार-पाच दिवसाआड येतं त्यामुळे कुंड्या जगवणं म्हणजे कायमचं टेन्शन. म्हणून ऑनलाइन "दुष्काळात टिकणारी फुलं" असं लिहिलेलं मिक्स बियांचं पाकीट मागवलं, झिनिया, कॉसमॉस, गलांडा, सदाफुली असं बरंच काय काय होतं त्यात. एप्रिलमध्ये कुंड्यांत टाकलं. उगवलं चांगलं, मी खूश, आणि आठ-दहा दिवसांत एकेक करत सगळं करपलं. पाकिटावर पाणी कमी लागतं असंच लिहिलेलं म्हणून मी पण एक दिवसाआडच घालत होते. बियाणं खोटं निघालं का?

उत्तर : ताई, बियाणं खोटं असतं तर कोंबच आला नसता. तुमचं उगवलं ना सगळं, म्हणजे बी चांगलंच होतं. पाकिटावरचं वाक्य मात्र अर्धंच आहे, आणि ते अर्धं वाक्य वाचून माझी पण पहिली दोन वर्षं अशीच गेलीत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

झाड पाण्याशिवाय राहतं ते कशाच्या जोरावर, तर मुळाच्या. मूळ खाली गेलेलं असतं, वरची माती वाळली तरी खालची ओल त्याला मिळते. आता आठ दिवसाच्या रोपाचं मूळ केवढं, तर बोटाच्या पेराएवढं, आणि कुंडीतली वरची इंचभर माती एप्रिलच्या उन्हात दुपारी बाराच्या आत खडखडीत होते. मग त्या पेराएवढ्या मुळाने प्यायचं कुठून. तुमच्या कुंडीत तळाला ओल होती पण ती त्याच्या हाताला लागत नव्हती, असं झालंय. त्यात खाली स्लॅब तापलेला, कुंडी काळ्या प्लास्टिकची असेल तर ती बाजूने पण भाजते.

आपल्याकडे सांगोल्याच्या डाळिंबवाल्यांना विचारा, बहार धरायचा तर बागेला ताण द्यावाच लागतो, पाणी तोडावंच लागतं. पण रोप लावल्या लावल्या ताण देणारा शेतकरी बघितलाय का कधी? लावलं की आंबवणी, मग चिंबवणी, म्हणजे लागोपाठची पाणी, ती मोडून चालतच नाही. फुलझाडाचं पण तेच आहे. ताण द्यायचा, पण मोठ्या झाडाला. लेकराला नाही.

तर करायचं असं. पहिले तीन आठवडे लाड. कुंडीत डायरेक्ट न टाकता एका ट्रेमध्ये किंवा श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला खाली भोकं पाडून त्यात बी टाका, म्हणजे पाणी पण वाटीभरच लागतं आणि डबा उचलून सावलीत ठेवता येतो, ज्यांच्याकडे पाणी चार दिवसाआड येतं त्यांना तर हाच मोठा फायदा, चाळीस रोपांना दिवसाला दोन ग्लास पाणी पुरतं. स्प्रेच्या बाटलीने सकाळी एकदा आणि संध्याकाळी माती बघून एकदा. माती ओली पाहिजे, चिखल नको. आपल्या शेतकऱ्यांचा शब्द आहे ना वाफसा, तोच पाहिजे, मुठीत दाबली तर गोळा होईल आणि बोटाने टोचलं तर फुटेल. सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन तास मिळू द्या, दुपारी हिरव्या नेटखाली किंवा जिन्याच्या कोपऱ्यात. कायम अंधारात ठेवलं तर रोपं उंच आणि लेचीपेची होतात, ती पुढे उभीच राहत नाहीत.

चार-सहा खरी पानं (उगवतानाची पहिली दोन सोडून) आली की मोठ्या कुंडीत. झिनियाला मूळ हलवलेलं फारसं आवडत नाही, ते दोन-चार पानांवर असतानाच मातीच्या गोळ्यासकट उचला, नाहीतर कागदी कपात एकेक बी टाका आणि कपासकटच लावा. लावल्यावर आठवडाभर रोज पाणी. आणि मग हळूहळू तोडायला सुरुवात, आधी दिवसाआड, आठवड्याने दोन दिवसाआड, मग तीन. पण घालाल तेव्हा भांडंभर घाला, तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. रोज थोडं थोडं शिंपडलं की मूळ वरच्या वरच राहतं, त्याला खाली जायची गरजच वाटत नाही, आणि मग एक दिवस पाणी चुकलं की झाड मान टाकतं. दुपारी चारला पानं लोंबली तर घाबरायचं नाही, संध्याकाळी ती उभी राहतात. सकाळी सातला पण लोंबलेलीच दिसली तर मात्र पाणी घाला, तेव्हा ताण जास्त झालाय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एप्रिल नको. मे मध्ये आपल्याकडे पारा ४३-४४ ला जातो, तेव्हा या झाडांनी जगलं तरी पुष्कळ. आपल्याकडे वर्षाचा सगळा पाऊस साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास आणि त्यातला सगळ्यात जास्त सप्टेंबरात पडतो. म्हणून दोन हंगाम धरा, एक मृग लागला की, म्हणजे ७-८ जूनच्या पुढे, आणि दुसरा उत्तरा-हस्तात, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. माझा स्वतःचा कल दुसऱ्याकडे आहे. गच्चीवरचं ऊन तोवर उतरलेलं असतं, आणि तेव्हा टाकलेला झिनिया सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेत, जानेवारीत, ऐन भरात असतो. पावसाळ्यातल्या झिनियाच्या पानावर ठिपके पडतात, तो त्रास पण कमी.

उरलेलं पाकीट टाकून देऊ नका. बी शिल्लक असेल तर त्यातले दहा दाणे काढा, जुन्या सोलापुरी टॉवेलचा तुकडा ओला करून त्यात गुंडाळा, डब्यात ठेवा, आठ दिवसांनी उघडून मोजा. दहातले सात उगवले तर बी छान आहे. तीन उगवले तर दुप्पट टाका. एकही नाही तर मग ते पाकीट फेका.

प्रश्न : ऑफिस टाइमचं (पोर्टुलाका) बी आणलं, मोहरीपेक्षा पण बारीक, धुळीसारखं. दोनदा टाकलं, दोन्ही वेळा काहीच आलं नाही. शेजारच्या काकूंकडे मात्र फरशीच्या फटीतून पण उगवतं. आमच्यातच काहीतरी दोष आहे का? (विजापूर रोड)

उत्तर : दोष हाताचा नाही, मातीचा. म्हणजे तुम्ही वर जी माती टाकली तिचा. ऑफिस टाइमच्या बीला उगवायला उजेड लागतो, त्याच्यावर अर्धा इंच माती टाकली की ते गाडलंच समजा. काकूंच्या फरशीच्या फटीत कोण माती टाकायला गेलंय, बी पडलं, उजेड लागला, पावसाचा थेंब लागला, आलं.

बी चिमूटभर कोरड्या बारीक वाळूत मिसळा म्हणजे एकाच जागी ढीग पडत नाही. माती आधी भिजवून, सपाट करून घ्या आणि मग वरून मीठ भुरभुरतो तसं टाका, हाताच्या तळव्याने हलकं दाबा, झालं. वरून पाणी अजिबात नको, एका धारेत सगळं बी कोपऱ्यात वाहून जातं. परातीत दोन बोटं पाणी घ्या आणि डबा त्यात ठेवा, खालून माती पाणी ओढून घेते, वरची माती ओली दिसली की काढा. आठ ते पंधरा दिवसात लालसर देठाची टाचणीच्या टोकाएवढी रोपं दिसतील. थंडीत प्रयत्न करू नका, याला ऊबच लागते.

घरचं बी धरायचं असेल तर फूल गळल्यावर जी छोटी बोंडं राहतात त्यांना वर टोपी असते, ती टोपी पिकली की आपोआप निघते आणि आत चंदेरी-करडं बी असतं. टोपी निघायच्या आदल्या दिवशी काढता आलं पाहिजे, ते सवयीनेच जमतं. डबल पाकळ्यांच्या भारी जातींना मात्र बी कमी धरतं, त्यांच्या बोटभर फांद्या तोडून मातीत खोचा, त्यात काही कमीपणा नाही. ही आपल्या घोळाच्या भाजीचीच जवळची बहीण आहे, खोडात पाणी साठवून बसते, एकदा लागली की मग तुम्ही आठ दिवस तुळजापूरला, पंढरपूरला जाऊन आलात तरी तिचं काही बिघडत नाही.

प्रश्न : आमचं गाव मोहोळ तालुक्यात. घरापुढं आणि बांधाला फुलं पाहिजेत असं पोरी मागं लागल्यात. रान काळं, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाणी पिकालाच पुरत नाही तर फुलाला कुठलं. पेरून सोडून दिलं तर येईल असं काही आहे का? तुमचं गच्चीतलं नको, रानातलं सांगा.

उत्तर : काका, तुमचं शेवटचं वाक्य मला लागलं बरं का, पण बरोबर आहे, गच्चीतलं ज्ञान रानात चालत नाही.

तुम्हाला खरं तर मी काय सांगणार, रब्बी ज्वारी तुम्ही कशावर काढता? सप्टेंबरचा पाऊस काळ्या रानात मुरतो आणि पुढे पाऊस पडो न पडो त्या ओलीवर ज्वारी निघते. सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३० च्या दशकापासून चाललंय ते याच हिशोबावर, पडेल तो पाऊस जागेवर मुरवायचा आणि ओल उडून जाऊ द्यायची नाही. फुलाला पण तोच हिशोब लावा. म्हणजे पेरायचं ज्वारीच्याच वेळेला, चांगला पाऊस होऊन वाफसा आला की.

आता काय पेरायचं. माझं ऐकाल तर पहिली करडई. हसू नका. आपण तिला तेलबी म्हणून बघतो म्हणून तिचं फूल डोळ्यात भरत नाही, पण पिवळी उमलते आणि नारिंगी-लाल होत जाते, डिसेंबर-जानेवारीत बांधाला एक ओळ असली तर लांबून दिसते. मूळ एवढं खोल जातं की वरून पाण्याचा थेंब नसला तरी ती हिरवी. काटे असल्यामुळे जनावर तोंड घालत नाही, बांधाला कुंपणाचं काम फुकटात. घरातलंच बी, पाच पैसे खर्च नाही.

दुसरा गलांडा. हाराला, देवाला चालतो, हलक्या रानात पण येतो, पण बी वर वरच टाका, याला पण थोडा उजेड आवडतो. तिसरा पिवळा-नारिंगी कॉसमॉस, बी सुईसारखं असतं, नुसतं फेकून वरून काटेरी फांदी ओढली तरी उगवतं. खत अजिबात घालू नका. चांगलं शेणखत घातलं की कॉसमॉस छातीएवढा वाढतो, नुसता पाला, फुलाचा पत्ता नाही. पण हा बांधावरून रानात आणि रानातून ओढ्याला पसरतो, डोंगराकडे त्याने गवताची जागा खाल्लीय, म्हणून घरापुढेच ठेवा आणि बी पडायच्या आत बोंडं खुडा. बांधाला तो नको, तिथं आपली करडईच बरी.

काळ्या मातीचा एक त्रास असा की बी टाकल्यावर जोराचा पाऊस झाला आणि ऊन पडलं की वर पापुद्रा धरतो, बारीक बीचा कोंब तो फोडूच शकत नाही. म्हणून जिथे बारीक बी टाकायचं त्या पट्ट्यात वरच्या दोन-तीन इंचात मुरूम किंवा वाळू आणि जुनं लेंडीखत कालवा, आणि पट्टा जमिनीपेक्षा वीतभर उंच करा म्हणजे पाणी साचणार नाही. भेगांचं म्हणाल तर भेग पडते तेव्हा ती मुळं तोडून जाते, त्यावर उपाय एकच, माती झाका. कडबा घाला असं मी म्हणणार नाही, तो जनावराच्या तोंडचा घास आहे. उसाचं पाचट चालेल, शेंगांची टरफलं तर फारच छान, आपल्याकडे शेंगाचटणीच्या कृपेने ती कमी नाहीत. दोन-तीन इंचाचा थर, रोपं बोटभर उंच झाल्यावर. आधीच टाकला तर रोपंच वर येणार नाहीत.

आणि "पेरून सोडून दिलं" याच्यात एक अट आहे. उगवल्यावर पहिल्या पंधरा-वीस दिवसांत पाऊस ओढला तर दोन वेळा तरी घागरभर पाणी ओळीला सोडावं लागेल. तेवढं एक पोरींच्या अंगावर टाका, फुलं त्यांना पाहिजेत ना.

प्रश्न : आम्ही पद्मशाली, पूर्व भागात राहतो. नवरात्रात आजी बतकम्मा, म्हणजे आमच्या तेलुगू लोकांची फुलं रचून केलेली देवी, मांडते, त्याला तंगेडू आणि गुनुगू लागतात. आता बाजारात मिळतात ती दोन दिवसाची शिळी आणि महाग, आजी दर वर्षी कुरकुरते. ही झाडं बी लावून घरी करता येतील का? नर्सरीत विचारलं तर त्यांना नावच कळेना.

उत्तर : या प्रश्नाने मला सगळ्यात जास्त आनंद झाला, खरंच. नर्सरीवाल्याला नाव कळलं नाही कारण त्याला मराठी नाव सांगायचं होतं. तंगेडू म्हणजे आपला तरवड, आणि गुनुगू म्हणजे कुर्डू. दोन्ही आपल्या माळावर आणि रानात फुकट वाढतात, आणि तिकडे तेलंगणात तंगेडू राज्याचं फूल आहे, आपल्याकडे मात्र तरवडाकडे कोणी मान वळवून बघत नाही. पूर्वी चामडं कमवायला त्याची साल लागायची म्हणून तरी लोक ओळखायचे.

सोपं आधी. कुर्डू म्हणजे कोंबड्याचाच रानटी भाऊ, जात एकच. बी काळं, चकचकीत, राजगिऱ्याच्या घरातलं. शेतात हे तण म्हणून उपटून फेकतात, त्यामुळे ओळखीच्या शेतकऱ्याकडून नोव्हेंबर-डिसेंबरात चार वाळलेले तुरे मागून घ्या, कागदावर झटकले की वर्षाचं बी मिळतं. मृगात मोठ्या कुंडीत किंवा पोत्यात टाका, वर मातीचा अगदी पातळ थर, आठवड्यात उगवतं. दाट आलं तर विरळ करा, एका पोत्यात चार-पाच झाडं पुरे. नवरात्रापर्यंत गुलाबी-पांढरे तुरे येतात. एकाच दिवशी सगळं न टाकता पंधरा दिवसांच्या फरकाने दोनदा टाका, पाऊस मागे-पुढे झाला तरी एक तरी खेप नेमकी सापडते. एवढंच बघा की शेतकऱ्याच्या रानाजवळ असाल तर तुरे बी झडायच्या आत काढा, तुमचं गुनुगू त्याचं तण आहे.

तरवडाला धीर पाहिजे. चपट्या शेंगा वाळून तपकिरी झाल्या की तोडा. बीचं कवच दगडासारखं असतं, तसंच पेरलं तर वर्षभर मातीत पडून राहील आणि मनाला येईल तेव्हा उगवेल. दोन उपाय आहेत. एक, सँडपेपरवर किंवा खरबरीत फरशीवर बीची एक बाजू घासा, आतला फिकट रंग दिसेपर्यंत, त्याच्या पुढे नाही, आणि जिथून कोंब येतो ते टोक सोडून. दुसरा, पाणी उकळा, गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, मग बी टाका आणि तसंच झाकून रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी जे फुगून दुप्पट झालेत ते पेरा, जे तसेच राहिलेत त्यांना परत एकदा तेच. गॅस चालू ठेवून शिजवू नका, एका वाचकांनी मागे गोकर्णाचं बी कुकरला लावलं होतं!

पेरायचं उंच पिशवीत, कारण मूळ सरळ खाली पळतं आणि बसक्या डब्यात ते गोल फिरत बसतं. आणि वीतभर झालं की शक्यतो जमिनीत लावा, पावसाळ्यात. गच्चीतच ठेवायचं असेल तर निदान दोन फूट खोल ड्रम पाहिजे. पहिल्या वर्षी फुलाची आशा धरू नका, दुसऱ्या वर्षापासून बघा. एकदा लागलं की मग पाणी विचारत पण नाही. तोवर आजीला सांगा, यंदा गुनुगू घरचं आणि तंगेडू बाहेरचं, पुढच्या नाहीतर त्याच्या पुढच्या वर्षी दोन्ही घरचे.

प्रश्न : नर्सरीत दहा-वीस रुपयाला फुललेलं रोप मिळतं. मग बियांची एवढी उठाठेव कशाला? (सात रस्ता)

उत्तर : तुमचं चूक नाही. दोन कुंड्या भरायच्या असतील तर रोपच घ्या. पण ते रोप नेटखाली, रोज पाणी आणि खत खाऊन वाढलेलं असतं, ते तुमच्या गच्चीवर आल्यावर त्याला एकदम सासुरवास होतो. आणि काळ्या पिशवीत मूळ गुंडाळलेलं असतं, ते सोडवून खाली पाठवायला त्याला वेळ लागतो. जागेवर बीपासून वाढलेलं झाड आपल्या उन्हात, आपल्या पाण्यावर शिकतं, पुढे मे महिन्यात हा फरक दिसतो. शिवाय पन्नास झाडं लावायची म्हटलं तर हिशोब तुम्हीच करा. अडेनियम मात्र मी पण रोपच आणतो, त्याचं ताजं बी मिळालं तर चार-पाच दिवसात उगवतं, पण दुकानातलं बी किती जुनं आहे हे कोण सांगणार, आणि ते जुनं झालं की उगवतच नाही.

प्रश्न : बोअरचं पाणी आहे, कुंडीवर पांढरा थर येतो, रोपं पिवळी पडतात. कूलरच्या टाकीतलं आणि आरओच्या फिल्टरचं वाया जाणारं पाणी झाडांना घातलं तर पाण्याची बचत होईल ना? (शेळगी)

उत्तर : बचतीचा विचार चांगला, पण ही दोन्ही पाणी बी-रोपाला घालू नका. कूलर काय करतो, पाणी उडवतो, आणि क्षार मागे टाकीत ठेवतो. मे अखेर टाकीच्या तळाशी जे असतं ते बोअरच्या पाण्याचा काढा असतो काढा. आरओचं पण तसंच, चांगलं पाणी तुमच्या ग्लासात आणि सगळे क्षार त्या नळीतून बाहेर. ते फरशी धुवायला, संडासला वापरा. मोठ्या सदाफुलीला, बोगनवेलीला कधीतरी चालेल, पण लहान मुळं त्याने जळतात.

एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र उलट आहे, ती हवेतली वाफ असते, क्षार नसतात, बी-ट्रेसाठी अगदी छान. आणि जून ते सप्टेंबर पन्हाळीखाली एक पिंप ठेवा, झाकून, डासांमुळे. पांढरा थर आलेल्या कुंडीची वरची इंचभर माती खरवडून टाका आणि महिन्यातून एकदा पावसाचं पाणी तळातून वाहील एवढं घाला, क्षार धुऊन निघतात. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर तो केवडा रोग, लोह कमी पडतंय. आपल्या चुनखडीच्या मातीत लोह असतं पण झाडाला मिळत नाही. बाजारातलं चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातलं, पाकिटावरच्या मापाने फवारा, गंजके खिळे पुरून काही होत नाही, मी पुरून बघितलेत.

कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वापरत असाल तर ते पण दोन-तीन पाण्याने पिळून घ्या, त्यात पण खारटपणा असतो.

प्रश्न : सदाफुली उगवते आणि दुसऱ्या पानावर आली की देठ बारीक होऊन आडवी पडते. (अक्कलकोट रोड)

उत्तर : हे पाण्याच्या लाडाने होतं. वर मी लाड करा म्हटलं खरं, पण सदाफुलीच्या बाबतीत हात आवरा. चिखल, बंद जागा आणि दाट पेरणी असली की बुरशी देठ खाते आणि रोप कोलमडतं. मी एकदा जूनमधल्या ढगाळ आठवड्यात ट्रेवर प्लास्टिक झाकून वर रोज पाणी मारत बसलो, सोमवारी साठ रोपं होती, गुरुवारी अकरा. बी विरळ टाका, वर पाव इंच माती टाका कारण हिला ऑफिस टाइमच्या उलट अंधारात उगवायला आवडतं, उगवलं की लगेच झाकण काढा, वारा लागू द्या. मातीत पेरायच्या आधी ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळला तर उत्तम. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी ट्रेला नको, त्याने बुरशीचंच पोट भरतं.

प्रश्न : गुलबक्षीचं, शंकासुराचं, गोकर्णाचं बी कसं टाकायचं? हायब्रीड झेंडूचं बी धरलं तर चालतं का? (बार्शी)

उत्तर : गुलबक्षी रात्रभर भिजवून एक इंच खोल, खाली कंद धरते म्हणून वरचं वाळलं तरी पावसात परत फुटते. बी मिऱ्यासारखं दिसतं आणि विषारी असतं, लहान मुलं आणि फोडणीचा डबा दोन्हीपासून लांब ठेवा. शंकासुर आणि गोकर्णाला तरवडासारखंच घासून मग भिजवायचं. हायब्रीड झेंडूचं बी उगवतं, पण पुढची पिढी एकसारखी येत नाही, कोणी उंच, कोणी बुटकं, एखादं एकेरी पाकळीचं. घरासाठी काय बिघडतं, दसऱ्याला विकायचं असेल तर मात्र नवीन बी घ्या आणि दसऱ्याच्या अडीच-तीन महिने आधी टाका. गावरान झेंडूचं बी बिनधास्त धरा, फूल झाडावरच पूर्ण वाळू द्या, सावलीत आठ दिवस ठेवा, मग कागदाच्या पुडीत. प्लास्टिकमध्ये ओलसर बांधलं की कुजतं.

प्रश्न : बी टाकलं की मुंग्या नेतात आणि राहिलेलं चिमण्या. काय करावं? (बाळे)

उत्तर : मुंग्यांसाठी ट्रे चार वाट्यांवर ठेवा आणि वाट्या पाण्याच्या ताटलीत, पूर्वी दुधाच्या पातेल्याला करायचे तसं. चिमण्यांसाठी जुन्या साडीची नेट किंवा मच्छरदाणीचा तुकडा ट्रेवर ताणून बांधा, रोपं दोन इंचाची झाली की काढा. मी त्यांच्यासाठी शेजारी वेगळी ज्वारी पण टाकून बघितली, ती सगळी खाल्ली आणि नंतर झेंडूची रोपं पण उपटली. याच्यावर कोणाकडे उपाय असेल तर कळवा ओ, पुढच्या अंकात तुमचंच उत्तर छापतो.